पुढच्या भागाला चार बोटं

माझ्या लग्नात रुखवतात शिवण मशीन मांडली होती आणि मला तेव्हा सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. आमच्याकडं पद्धतच आहे तशी. पोरीच्या रुखवतात कपाट पाहिजे, पलंग पाहिजे, भांडी पाहिजेत आणि पायानं चालवायची मशीन पाहिजे. पोरीला शिवता येतं का, तिला शिवायचं तरी आहे का, हे कुणी विचारत नाही. माझ्या बापानं ती घेतली, तिच्यावर झेंडूची माळ घातली, मला शेजारी उभं करून फोटो काढला. त्या फोटोत मी अशी हसून राहिले की उद्यापासून गावाचे कपडे मीच शिवणार आहे.

सासर पुसेगावपासून चार-पाच किलोमीटरवरचं. मशीन इथं आली, मधल्या खोलीत भिंतीला लागली आणि तिचं टेबल झालं. पापडाचा डबा तिच्यावर, लेकरांच्या तापाच्या बाटल्या तिच्यावर, नवऱ्याचा चार्जर तिच्यावर, रेशनकार्ड तिच्या खणात. आधी पोरगी झाली, चार वर्षांनी पोरगा झाला. इतक्या वर्षांत मी तिचं पायडल एकदा हलवलं नाही. खोटं काहून बोलू? मला तिचं काही वाटतही नव्हतं. दुसऱ्या कुणी तिच्यावर हात टाकला तेव्हा वाटायला लागलं.

झालं असं की नणंदेचं लग्न जमलं. सिद्धेश्वरकडचं स्थळ, पोरगा चांगला, उन्हाळ्यातली तारीख धरली. एका दुपारी सगळे जेवून बसले होते आणि सासू रुखवताची यादी सांगून राहिली होती. नवरा मोबाईलवर लिहून घेत होता. मी पोराला पाजत होते. कपाट झालं, पलंग झाला, कळशी-हंडे झाले. मशीनवर आल्यावर सासू म्हणाली, "मशीन काहून इकत घ्यायची? घरात पडूनच हाय की एक. झाडूनपुसून देऊन टाकू."

नवरा मान वर न करता म्हणाला, "व्हय, बराबर हाय."

बराबर हाय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, "आत्याबाई, ती माझ्या बापानं मला दिलेली हाय."

"मंग? आमी काय इकून खाऊन राहिलो का? पोरीलाच देऊन राहिलो ना? तुला कुठं शिवता येतंय."

आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. पण शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. खोटं बोलली असती तर मी भांडले असते. नणंद बिचारी हळूच म्हणाली, "वहिनीची असू द्या ना आई, मला काय मशीन पाहिजेच असं न्हाई." तिला सासूनं एका नजरेत गप केलं.

मी म्हणलं, "मी शिकते."

"कवा? लेकरं म्हातारी झाल्यावर?"

"लग्नाच्या आत शिकते."

सासू हसली. मग तिनं अट घातली, चारचौघांसमोर. लग्नात घालायचं तिचं ब्लाउज मी शिवायचं. तिच्या अंगाला बसलं तर मशीन माझी. नाही बसलं तर मशीन रुखवतात, आणि मी तोंड पाडायचं नाही. आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण माझ्या सासूला आजपर्यंत एक सोडून कुण्या टेलरचं ब्लाउज बसलं नव्हतं. अंगानं भरलेली, एक दंड दुसऱ्यापेक्षा जाड, आणि काखेत जरा दाटलं की दिवसभर घराला दोष. तेवढं एकच होतं मापाचं, विटलेलं हिरवं. दरवेळी तेच टेलरकडं जायचं आणि तेच परत यायचं. टेप लावून माप घेऊ द्यायची नाही कुणाला. आमच्याकडच्या बाया देतच नाहीत, मापाचं ब्लाउज देतात. मी म्हणलं, "चालंल." रागाच्या भरात माणूस काय काय कबूल करतं!

पुसेगावात एक बाई शिवणाचा क्लास घ्यायच्या. संक्रांत झाली तशी मी जायला लागले. बाईनं तीन महिन्यांची फी पहिल्याच दिवशी मागून घेतली आणि म्हणाल्या, "मन लावून केलं की सगळं येतं." मला बरं वाटलं. मन लावायची माझी तयारीच होती.

लेकरं मात्र घरी कुणी ठेवून घेईना. सासू म्हणाली, "हळदीचे दिवस, आन् मी तुझी लेकरं संभाळू व्हय?" हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, सगळ्यांनाच काम होतं, मी नाही म्हणत नाही. नवरा पिकअप घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजाराला. म्हणून सकाळी उठून भाकरी, पोरीला अंगणवाडी, बारा वाजता तिला आणायचं, जेवू घालायचं, पोराला कडेवर, पोरीला बोटाला, पिशवीत दुपटी, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा, आणि रस्त्यावर ऑटोची वाट बघायची. ऑटोत पोरगा रडायचा, पोरगी विचारायची, "मम्मी, आपुन कवा पोचायचं?" बाकीच्या बाया म्हणायच्या, "एवढी तकलीफ कशाला घ्यायची गं?" बोलायला लागले असते तर पुसेगाव येईपर्यंत संपलं नसतं.

क्लासात आम्ही सहा जणी होतो. पहिला पंधरवडा कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवली, सरळ रेघ, वाकडी रेघ. पाय बसला. मला मजा आली. मशीनचा आवाज मला आवडतो हे मला तिथं कळलं. मग बाईनं आमच्या पुढ्यात ब्लाउजांचा ढीग टाकला. तुरपाई करा. हूक लावा. काज करा. लग्नसराई तोंडावर होती, बाईकडं आजूबाजूच्या गावांतून कपडे यायचे, आणि ते सगळे आमच्या हाताखालून जायचे. फी आमची, काम बाईचं. माझ्या बोटाला सुईनं भोकं पडली. पोरगा मांडीवर पीत असायचा आणि मी त्याच्या डोक्यावरून हूक लावत असायची.

आणि कटिंग? कटिंग बाई कोपऱ्यात बसून करायच्या. खाली चटई टाकायची, तोंड भिंतीकडं, पाठ आमच्याकडं. पाठसुद्धा अशी रुंद की पलीकडचं काही दिसायचं नाही. तोंडानं काहीबाही पुटपुटत कापायच्या, पण इकडं दोन मशिनी चालू, काय कळणार? कुणी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून तिकडं गेली की लगेच, "तुमी तुरपाई करा. कटिंग शेवटी."

"शेवटी म्हंजे कवा, बाई?"

"हात बसल्यावर."

दोन महिने झाले तरी माझा हात काही बसेना. आमच्यात एक पोरगी होती, ती दुसऱ्या वर्षी येऊन राहिली होती. दुसऱ्या वर्षी! तुरपाई अशी घालायची की टाका दिसायचा नाही, पण कापडावर कात्री कशी धरायची हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला म्हणलं, "अगं, तू भांडत काहून न्हाईस?" ती म्हणाली, "बाई रागावतात." बाई रागावतात म्हणे. मी एकटीच रागावते असं मला वाटायचं.

शेवटी मीच विचारलं. सगळ्या गेल्यावर थांबले आणि सरळ तोंडावर म्हणलं, "बाई, लग्नाला एक महिना राहिला. मला ब्लाउज कापायला शिकवा." बाईनं कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, "कटिंग दाखवलं की तुमी दुसऱ्या दिवशी घराला पाटी लावता. मंग माझ्याकडं कोण येतं? मला काय पोटपाणी न्हाई?" खरं बोलल्या. त्याचाच मला जास्त राग आला. खोटारड्या बाईशी भांडता येतं. खरं बोलणारीपुढं नुसतं दात खात घरी यावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. माझी पोरगी क्लासात त्या कोपऱ्यात असायची. पाच-साडेपाच वर्षांची, बोलायला चुरूचुरू. तिनं मशिनींच्या मध्ये येऊ नये म्हणून बाई तिला चिंध्या द्यायच्या आणि समोर बसवून ठेवायच्या, भिंत आणि बाई यांच्या मधल्या जागेत. ती आपली चिंध्यांची बाहुली करत बसायची. मला बरंच होतं, एक लेकरू तरी गप.

मग मी घरीच कापायचं ठरवलं. आधी मोबाईलवर बघितलं. नवरा जेवायला यायचा तेव्हा त्याचा मोबाईल अर्धा तास माझ्याकडं. त्यातली बाई म्हणायची, छातीचा चौथा भाग, त्यात अडीच मिळवा, मुंढ्याला बारावा भाग. मी नववी शिकलेली, गणितात काठावर पास. चौथा भाग काढेपर्यंत ती बाई बाह्यांवर पोचायची, पोरगा हातातून मोबाईल ओढायचा आणि नवरा म्हणायचा, "नेट संपिवती का समदं?" आणि चौथा भाग काढून तरी काय, सासू टेप लावू देत नव्हती!

तर मी तिचं हिरवं ब्लाउज मागितलं. तिनं दिलं, पण बजावून. "उसवायचं न्हाई. एक टाका जरी निघाला तर बघ." तिचं खरं होतं, तिच्याकडं तेवढं एकच बसणारं. मी जुन्या साडीचं कापड अंथरलं, त्याच्यावर हिरवं ब्लाउज ठेवलं, कडेनं खडूची रेघ मारली, शिलाईसाठी एक बोट जादा सोडलं आणि कापलं. दोन रात्री बसून शिवलं. बाह्या लावल्या, हूक लावले. हूक लावण्यात तर मी पास होते. तुरपाई अशी की कुणी नाव ठेवू नये.

सासूनं अंगात घातलं. पाठ बसली, चकाचक. पुढून हूकच जुळेनात. दोन्ही बाजूंच्या मधी वीतभर जागा. आणि खालून एवढं आखूड की बस. सासू आरशात बघून म्हणाली, "हे काय? लेकराचं झबलं शिवलं का माझ्यासाठी?"

नणंदेला हसू आवरेना. नवरा जेवत होता, त्यालाही ठसका लागला. मी म्हणलं, "मापाच्या ब्लाउजावरूनच कापलंय मी. मापच चुकीचं असंल."

"नाचता येईना, अंगण वाकडं," नवरा म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला दुसरी भाकरी वाढली नाही. हातानं घे म्हणलं.

दुसऱ्यांदा कापायला बसले तेव्हा लग्न सोळा-सतरा दिवसांवर आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, दारात मांडवाचे बांबू पडले होते. या वेळी मी सगळीकडून दोन-दोन बोटं जादा सोडायचं ठरवलं. म्हणलं, कमी पडलं होतं ना, आता घ्या जादा. रविवारची दुपार, क्लासला सुट्टी. पोरगा खडू तोंडात घालून राहिला होता, त्याच्या तोंडातून खडू काढावा तर तो कापडावर लोळतोय. सासू बाहेर हळदीच्या ढिगापाशी कुणाला तरी सांगून राहिली होती, "सुनंचं खूळ हाय, चालू द्या थोडे दिवस." मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. माझे कान तापले होते. मी कात्री धरली, आणि पोरगी कापडावर हात ठेवून म्हणाली, "मम्मी, असं न्हाई."

"हात काढ."

"असं न्हाई करत बाई. पुढच्याला…"

"हात काढ म्हणलं ना!"

"तू चुकून राहिलीस, मम्मी."

फाडकन एक दिली तिच्या गालावर. जोरात दिली. पाच बोटं उठली. ती रडली नाही लगेच, आधी माझ्याकडं बघत राहिली, मग तोंड वाकडं झालं आणि मग आवाज फुटला. सासू आली, तिला उचलून घेऊन गेली, जाता जाता म्हणाली, "लेकराला काहून मारती? शिवता येईना त्याचा राग लेकरावर?" वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी, ते मला कळत होतं. राग सासूचा होता, नवऱ्याचा होता, त्या रुंद पाठीचा होता, आणि गाल सापडला पोरीचा. कळत होतं तरी मी उठले नाही. दात-ओठ खात कापड कापलं आणि त्याच रात्री शिवून काढलं.

तेही गेलं. खांद्यावरून घसरायला लागलं, पाठीला झोळ आला, आणि पुढून हूक तरीही नीट जुळेनात. आता सासू हसलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. मशीनला तेल घालायला पाहिजे, लग्नाच्या आधी घालून घेऊ." तिच्या मनात मशीन सिद्धेश्वरला पोचलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले नाही. अंगणात भांडी घासत बसले, जोरजोरात, की भांड्यांनाच शिक्षा होऊ दे. पोरगी ओट्यावर खेळत होती. पेपरचा कागद तिनं घडी घालून पुढ्यात ठेवला होता, त्याच्यावर बाहुलीचं चिंधीचं झबलं, आणि ती बाहुलीला दमात घेऊन सांगत होती. आवाजसुद्धा बाईचा काढला होता.

"आधी पाठ. पाठीला एक बोट. मंग पुढचं. पुढचं मोठं कापायचं. खाली चार बोटं, काखेपाशी दोन बोटं. टक्स खात्यात कापड, टक्स खात्यात. खांद्याला जादा न्हाई, एकच."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. टक्स म्हणजे ब्लाउजाच्या पुढच्या भागाला छातीपाशी घालतात त्या चुण्या. मापाच्या ब्लाउजात त्या आधीच शिवलेल्या असतात. त्यांच्या पोटात चार बोटं कापड दडलेलं असतं आणि वरून ते दिसत नाही. मी वरून जेवढं दिसलं तेवढंच कापत होते आणि मग त्यातच परत टक्स घालत होते. कमी पडेल नाही तर काय होईल! आणि सगळीकडून सारखं जादा सोडून काय फायदा, खांदा घसरणारच. दोन महिने त्या बाईनं जे आमच्यापासून पाठीमागं दडवलं, ते ती रोज तोंडानं पुटपुटत होती, माझ्या लेकरासमोर.

मी हात पुसून ओट्यावर गेले. तिनं पटकन कागद मागं लपवला.

"काय म्हणत होतीस, परत सांग."

"तू मारशील."

"न्हाई मारत."

"काल मारलंस."

मी तिच्याजवळ बसले. म्हणलं, "काल चुकलं माझं. आता सांग." ती अजून बघून राहिली होती, खरंच का म्हणून. मग तिनं सांगितलं, सगळं, एक एक करत. मी विचारलं, "चार बोटं कुणाची? तुझी का माझी?" तर म्हणे, "बाईची. बाईची जाड हायेत." असं बारीक ध्यान! मी माझी बोटं जरा सैल धरली आणि तिसऱ्यांदा जुनं कापड अंथरलं. या वेळी ती माझ्यासमोर बसली होती आणि मी प्रत्येक रेघेला विचारत होते, बराबर का? आणि ती म्हणत होती, बराबर. पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा. चार बोटं खाली, दोन बोटं काखेपाशी. टक्स घातल्यावर पुढचा भाग आपोआप मागच्याएवढा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी बाईचा इतका राग आला की त्या पाठीवर जाऊन बुक्का मारावा वाटला. एवढंच होतं! एवढंसं सांगायला काय जीव जात होता?

जुन्या कापडाचं ब्लाउज मी सासूला गुपचूप घालायला लावलं, जाड दंडाकडची बाही अर्धा बोट सैल केली, आणि मग लग्नातलं कापड कापलं. जांभळं, जरीकाठाचं. कात्री लावायच्या आधी मी रेघा परत एकदा बोटांनी मोजल्या. पोरगी म्हणाली, "काप मम्मी, बराबर हाय." मी कापलं.

सासूनं ते घातलं तेव्हा घरातले सगळे होते. हूक लागले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिनं हात वर केला. खाली केला. वाकून बघितलं. खाली बसून बघितलं. खोकून बघितलं. आरशात पाठ बघितली. मग म्हणाली, "काखेत जरा दाटतंय वाटतं." परत हात वर केला आणि स्वतःच म्हणाली, "न्हाई, न्हाई दाटत." ब्लाउज काढून घडी घालून कपाटात ठेवलं. मग नवऱ्याला म्हणाली, "रुखवतात कूलर ठेवू. तिकडं उन्हाळा लई असतो."

नवरा म्हणाला, "आन् मशीन?"

"मशीन हिची हाय ना," सासू म्हणाली, जसं काही आपण कधी दुसरं बोललोच नव्हतो. अट तिनं पाळली, तेवढं म्हणायला पाहिजे. मला मात्र आनंद व्हायच्या आधी रागच आला, की जे माझंच होतं ते मिळवायला मला तीन महिने रक्त आटवावं लागलं. त्याच दुपारी मी मशीनवर रोज परत येऊन बसणारा पापडाचा डबा उचलून सासूच्या खोलीत नेऊन ठेवला.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं होतं. नवरदेवाकडच्या बाया ओळीनं बघत होत्या, एक जण बोललीच, "मशीन न्हाई दिली व्हय?" मी मागंच उभी होते. सासू पुढं झाली. हात वर करून दंड दाखवला आणि म्हणाली, "मशीन सुनंकडं ऱ्हायली. हे बघा, सुनंनं शिवलंय. टेलर झक मारतेत." माझ्या सासूनं मला पहिल्यांदा चांगलं म्हणलं ते असं, लोकांच्या तोंडावर मारायला. बाया जमल्या. जांभळ्या बाहीला हात लावून बघायला लागल्या, शिलाई उलटी करून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "कुठं शिकलीस गं?"

मी म्हणलं, "पुसेगावला. बाईकडं तीन महिने क्लास केला."

पोरगी माझा पदर धरून उभी होती, नवा परकर घालून. ती मोठ्यानं म्हणाली, "न्हाई! मी शिकिवलं मम्मीला. पुढच्या भागाला चार बोटं सोडायची, आन् काखेपाशी दोन."

बाया अशा हसल्या! एकीनं तिचा गाल ओढला, "अगं बया, मास्तरीण हाय का तू?" दुसरी म्हणाली, "आईला शिकिवती म्हणे, एवढीशी!" सासूही हसली. पोरगी रडवेली नाही झाली, उलट छाती पुढं काढून म्हणाली, "विचारा मम्मीला. मम्मी, सांग."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एक शब्द बोलायचा होता. व्हय. पण मला वाटलं, या म्हणतील, पाच वर्षांच्या लेकराकडून शिकली म्हणजे हिला काय येतं? आत्ताच तर कुठं चांगलं म्हणून राहिल्या होत्या. मीसुद्धा हसले. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. म्हणलं, "काय बी बोलती हो ती. लेकरू हाय."

पोरीनं माझा पदर सोडला. बायांच्या मधून वाट काढून गेली आणि नणंदेजवळ जाऊन बसली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, आजीसंगं जेवते.

आता ती दुसरीत आहे. मशीन रोज चालते, बाया ब्लाउजं आणून देतात, माझं नाव झालंय. सासूचा राग कधीचा गेला, बाईचाही गेला, तिच्या पोटाचंही मला आता थोडं कळतं. पण मांडवातलं ते माझं हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावं वाटतं. मध्ये एकदा घरात आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिला म्हणलं, "मला शिवायला तूच शिकवलंस बघ." ती वहीत गणित सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग तवा काहून न्हाई म्हणलीस? बायांसमोर?"

एका 'व्हय'नं माझं काय जाणार होतं? मशीन तर तेव्हा माझी झालेली होती.